बंध तुटल्याने ऊर्जा मिळत नाही: एन्थाल्पीवरच्या एका लाडक्या टिपणाचा प्रतिवाद

परीक्षा जवळ आली की रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये एक छोटेसे टिपण हमखास फिरू लागते. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो. तो असा: रासायनिक बंधांत ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते, म्हणून इंधन जळते. ही बाहेर पडलेली उष्णता म्हणजेच एन्थाल्पीतला (आंतरिक ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान या राशीतला) बदल, म्हणजे डेल्टा-एच. उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया आपोआप घडते, उष्णता घेणारी तापवल्याशिवाय घडत नाही. उष्णता जितकी जास्त तितकी अभिक्रिया वेगवान. उत्प्रेरक (स्वतः खर्च न होता वेग वाढवणारा पदार्थ) घातला की डेल्टा-एच कमी होतो. आणि शेवटी, थर्मामीटर जितका वर चढेल तितका डेल्टा-एच मोठा.

एकूण सहा विधाने. त्यातले दुसरे काही अटींवर खरे आहे, पण नेमक्या त्या अटीच टिपणातून गळल्या आहेत. बाकीची पाच धड उभी राहत नाहीत. तरीही ती पसरतात, कारण प्रत्येकामागे रोज डोळ्यांना दिसणारे काहीतरी असते: जाळ दिसतो, स्फोट दिसतो, फेस दिसतो. एकेक घेऊ. पहिल्यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण बाकीचा बराचसा गोंधळ तिथूनच झिरपत आलेला आहे.

"बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते"

हे नेमके उलटे आहे. दोन अणू बंधाने एकत्र राहतात ते सुटे असताना असते त्यापेक्षा एकत्र असताना त्यांची ऊर्जा कमी असते म्हणून. मग त्यांना सुटे करायचे तर तो फरक बाहेरून भरून द्यावा लागणार. चिकटलेले दोन लोहचुंबक ओढून वेगळे करताना जोर आपल्यालाच लावावा लागतो. ते काही देतात ते परत टक्कन चिकटताना. बंधाचेही तसेच. तोडायला ऊर्जा लागते, जोडताना ती मिळते.

कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या परिशिष्टात बंध एन्थाल्पीचा तक्ता असतो. त्यातले सगळे आकडे धन आहेत, कारण ते एक मोल (डझनासारखे, पण अणू-रेणू मोजायचे एकक) बंध तोडण्यासाठी लागणारी ऊर्जा सांगतात. हायड्रोजन-हायड्रोजन बंध ४३६ किलोज्यूल, क्लोरीन-क्लोरीन २४२, हायड्रोजन-क्लोरीन ४३१. आता हायड्रोजन आणि क्लोरीन यांपासून हायड्रोजन क्लोराइड होताना काय घडते? एक मोल हायड्रोजन आणि एक मोल क्लोरीन तोडायला ४३६ अधिक २४२, म्हणजे ६७८ किलोज्यूल खर्च. दोन मोल नवे बंध तयार होताना ८६२ किलोज्यूल परत. फरक १८४ किलोज्यूल, आणि तो आपल्याला मिळतो. अभिक्रिया उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, आहे ती जोडणीतून आलेली रक्कम तोडणीच्या खर्चाहून मोठी आहे म्हणून. तोडणीने स्वतः एक ज्यूलही दिलेला नाही.

टिपणातले उदाहरण इंधनाचे आहे, म्हणून मिथेन घेऊ आणि हिशोब पूर्ण मांडू. एक मोल मिथेनला जळायला दोन मोल ऑक्सिजन लागतो.

तोडायचे काय? मिथेनमधले चार कार्बन-हायड्रोजन बंध, प्रत्येकी ४१३, म्हणजे १६५२ किलोज्यूल. ऑक्सिजनच्या दोन रेणूंमधले दोन दुहेरी बंध, प्रत्येकी ४९८, म्हणजे ९९६. एकूण खर्च २६४८.

जुळते काय? कार्बन डायऑक्साइडमधले दोन कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध, प्रत्येकी ७९९, म्हणजे १५९८. पाण्याच्या दोन रेणूंमधले चार ऑक्सिजन-हायड्रोजन बंध, प्रत्येकी ४६३, म्हणजे १८५२. एकूण मिळकत ३४५०.

मिळकत वजा खर्च ८०२ किलोज्यूल. मिथेन जळून पाण्याची वाफ झाली तर मोजणीत येणारा आकडाही सुमारे ८०२ च आहे. इतकी चपखल जुळणी दर वेळी होत नाही, कारण तक्त्यातले आकडे सरासरीचे असतात. मिथेनमधला पहिला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला सरासरीपेक्षा जास्त, सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात. पण दिशा कधी चुकत नाही.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात रंजक वाटते. मिथेनमधले बंध कमकुवत नाहीत. ४१३ किलोज्यूल हा चांगला दणकट बंध आहे. मग एवढी ऊर्जा येते कुठून? ऑक्सिजनकडे पाहा. त्याच्या दुहेरी बंधात इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या आहेत आणि दोन्ही मिळून ४९८. म्हणजे जोडीमागे २४९. तीच जोडी कार्बन डायऑक्साइडमध्ये गेली की जोडीमागे सुमारे ४०० आणि पाण्यात गेली की ४६३. दुहेरी बंधाच्या मानाने ऑक्सिजनचा बंध लेचापेचा आहे. तो मोडून त्याच्या जागी मजबूत बंध येतात, आणि ज्वलनातली बरीचशी ऊर्जा या अदलाबदलीतली आहे.

याचा एक परिणाम पडताळून पाहता येतो. ऊर्जा मुख्यतः ऑक्सिजनच्या बाजूने येत असेल, तर इंधन कोणतेही असो, खर्च झालेल्या ऑक्सिजनच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तेवढीच उष्णता मिळायला हवी. तशी ती मिळते. थॉर्नटन यांनी १९१७ मध्येच हे नोंदवले होते: बहुतेक सेंद्रिय इंधनांसाठी ऑक्सिजनच्या ग्रॅममागे सुमारे १३.१ किलोज्यूल. मिथेनचा आकडा १२.५ येतो, इथेनॉलचा १२.९. आग किती तीव्र आहे हे मोजणाऱ्या प्रयोगशाळा आजही हाच नियम वापरतात. जळणाऱ्या वस्तूतून किती बंध तुटले हे कोण मोजणार? धुरातला ऑक्सिजन किती घटला ते मोजतात आणि त्यावरून उष्णतेचा दर काढतात. सोफा जळतोय की पडदा, याने फारसा फरक पडत नाही. श्मिट-रोर यांनी २०१५ मध्ये रसायनशिक्षणाच्या एका नियतकालिकात हाच मुद्दा मांडला होता: ज्वलन नेहमी उष्मादायी का असते याचे उत्तर ऑक्सिजनच्या कमकुवत दुहेरी बंधात आहे, आणि दर मोल ऑक्सिजनमागे सुमारे ४१८ किलोज्यूल मिळतात.

म्हणून "इंधनात ऊर्जा आहे" असे म्हणायला हरकत नाही, पण मनातल्या मनात "आणि ऑक्सिजनमध्ये" हे जोडून घ्यावे. ऑक्सिजन नसलेल्या ग्रहावर मिथेनची टाकी घेऊन गेलात तर ती इंधनाची टाकी राहत नाही.

टिपण खरे मानले तर नायट्रोजनचे काय करायचे हाही प्रश्न आहे. त्याचा तिहेरी बंध ९४५ किलोज्यूलचा, सर्वात बळकट बंधांपैकी एक. बंधात ऊर्जा साठवलेली असती तर नायट्रोजन हे अव्वल इंधन ठरले असते आणि हवा काडीने पेटली असती. प्रत्यक्षात नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून नायट्रिक ऑक्साइड करायला, दोन मोलमागे सुमारे १८० किलोज्यूल घालावे लागतात. बळकट बंध म्हणजे तळाशी पोचलेली ऊर्जा. त्याच्याकडे देण्यासारखे काही उरलेलेच नसते. नायट्रोग्लिसरीनचा स्फोट एवढा भयंकर असतो त्यामागेही हेच कारण आहे. त्यातून नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर पडते, आणि ही तिन्ही बळकट बंधांची मंडळी आहेत.

राहता राहिले एटीपी, पेशीत ऊर्जेची देवाणघेवाण करणारा रेणू. "उच्च ऊर्जेचा फॉस्फेट बंध" ही कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ लिपमन यांच्या १९४१ च्या लेखातून रूढ झाली. तो बंध दाखवायला त्यांनी नागमोडी रेघ वापरली आणि ती रेघ पिढ्यान्‌पिढ्या आकृत्यांत राहिली. त्यांचे म्हणणे एका फॉस्फेट गटाची दुसरीकडे बदली करण्याविषयी होते. वाचणाऱ्यांनी मात्र ती रेघ म्हणजे ताणलेली स्प्रिंग समजून घेतली. पेशीत एटीपीचा बंध एकटा कधी तुटत नाही. पाण्याचा रेणू येऊन भिडतो, जुना फॉस्फरस-ऑक्सिजन बंध जातो आणि त्याच जातीचा नवा तयार होतो. फायदा होतो तो एकमेकांना ढकलणारे ऋण प्रभार दूर गेल्याने, सुटा झालेला फॉस्फेट जास्त स्थिर असल्याने आणि पाण्याने उत्पादितांना जास्त चांगले वेढल्याने. सगळी गोळाबेरीज करून गिब्ज ऊर्जेत (अभिक्रियेचा कल ठरवणारी राशी, तिच्याकडे पुढे येऊ) जो फरक उरतो तो मोलमागे सुमारे ३० किलोज्यूल. फॉस्फेटचा बंध नुसता ओढून तोडायचा म्हटले तर याच्या कितीतरी पट ऊर्जा उलट घालावी लागेल.

"बाहेर पडलेली उष्णता म्हणजेच डेल्टा-एच"

दोन अटी पाळल्या तर हे खरे आहे. दाब सबंध वेळ कायम असला पाहिजे, आणि वायू प्रसरण पावताना हवेला जे ढकलतो ते सोडून दुसरे कोणतेही काम व्हायला नको. उघड्या भांड्यात पदार्थ मिसळले की दोन्ही अटी आपसूक पाळल्या जातात, म्हणून प्रयोगशाळेत हे विधान खपून जाते. अट मोडली की ते तोंडघशी पडते.

पहिली अट मोडते बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये. जाड पोलादी भांडे, आत ऑक्सिजन, झाकण घट्ट. आकारमान बदलूच शकत नाही, म्हणून तिथे मोजली जाते ती आंतरिक ऊर्जा. मिथेनचे तीन मोल वायू (एक मिथेन, दोन ऑक्सिजन) जळून एक मोल वायू आणि द्रव पाणी उरते, म्हणजे वायूचे दोन मोल कमी होतात. खोलीच्या तापमानाला वायूच्या एका मोलमागे आंतरिक ऊर्जा आणि एन्थाल्पी यांच्या बदलांतला फरक सुमारे २.५ किलोज्यूल. बॉम्बमध्ये ८८५ किलोज्यूल मोजले जातात, आणि डेल्टा-एच उणे ८९० येतो. अर्धा टक्का, कोणी म्हणेल, कशाला एवढा कीस पाडायचा? ठीक आहे. पण दुसरी अट मोडली की फरक अर्ध्या टक्क्याचा राहत नाही.

एक मोल हायड्रोजन जाळून द्रव पाणी केले तर २८६ किलोज्यूल उष्णता मिळते. तोच हायड्रोजन, तोच ऑक्सिजन, तेच पाणी, पण मध्ये इंधन घट (अभिक्रियेतून थेट वीज काढणारे उपकरण) बसवला तर आदर्श स्थितीत २३७ किलोज्यूल वीज म्हणून बाहेर येतात आणि उष्णता फक्त ४९. दोन्हीकडे डेल्टा-एच उणे २८६. उष्णता मात्र एकीकडे २८६, दुसरीकडे ४९. मग "उष्णता म्हणजेच डेल्टा-एच" कुठे राहिले?

उलट दिशेने हे आणखी गमतीचे आहे. पाण्याचे विद्युत अपघटन किमान १.२३ व्होल्टला शक्य आहे, पण सगळी ऊर्जा विजेतूनच भागवायची तर १.४८ व्होल्ट लागतात. या दोन आकड्यांच्या मध्ये घट चालवला तर कमी पडणारी ऊर्जा तो भोवतालची उष्णता शोषून भागवतो. म्हणजे वीज देऊनही घट थंड होऊ पाहतो.

उष्णता वाटेवर अवलंबून असते. एन्थाल्पी अवलंबून असते फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थितीवर. जर्मेन हेन्री हेस यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये १८४० साली मांडलेला नियम हाच, आणि तो कामाचाही आहे. कार्बन अर्धवट जाळून निव्वळ कार्बन मोनॉक्साइड करायचा तर सोबत थोडा डायऑक्साइड झाल्याशिवाय राहत नाही, त्यामुळे त्याची एन्थाल्पी थेट मोजणे कठीण. पण कार्बनपासून थेट डायऑक्साइडपर्यंतचा आकडा मोजता येतो, उणे ३९३.५, मोनॉक्साइडपासून डायऑक्साइडपर्यंतचाही, उणे २८३.०. वजाबाकी केली की अडलेला आकडा मिळतो: उणे ११०.५. एन्थाल्पी वाटेनुसार बदलत असती तर ही वजाबाकी निरर्थक ठरली असती.

जाता जाता: मिथेनसाठी वर एकदा ८०२ आणि एकदा ८९० आले. विरोधाभास नाही. पहिल्यात शेवटी वाफ आहे, दुसऱ्यात द्रव पाणी, आणि दोन मोल वाफ द्रव होताना प्रत्येकी ४४ किलोज्यूल आणखी सुटतात. शेवटची स्थिती न सांगता डेल्टा-एचचा आकडा फेकणे म्हणजे पत्ता अर्धाच लिहिणे.

"उष्मादायी आपोआप, उष्माग्राही तापवल्याशिवाय नाही"

या चुकीला मोठी परंपरा आहे. डेन्मार्कचे युलियस थॉमसन यांनी १८५४ च्या सुमारास आणि नंतर फ्रान्सचे मार्सलँ बर्थेलो यांनी हेच तत्त्व म्हणून मांडले होते: जिथे सर्वाधिक उष्णता निघते त्या दिशेने अभिक्रिया जाते. बर्थेलो हे साधेसुधे नाव नव्हते. पुढे ते फ्रान्सचे परराष्ट्रमंत्रीही झाले. अभिक्रियांची उष्मादायी आणि उष्माग्राही अशी विभागणी त्यांच्याच शब्दांनी रूढ झाली. तरी तत्त्व टिकले नाही. गिब्ज यांनी १८७६ ते १८७८ मधल्या लेखांत आणि हेल्महोल्ट्झ यांनी १८८२ मध्ये दाखवून दिले की दिशा ठरवायला एकटी उष्णता पुरत नाही. म्हणजे आज फिरणारे टिपण दीडशे वर्षे जुन्या वादात हरलेल्या बाजूने उभे आहे.

प्रात्यक्षिक हवे असेल तर अमोनियम नायट्रेट पाण्यात टाका. ते विरघळते, कोणाला तापवावे लागत नाही, आणि मोलमागे सुमारे २६ किलोज्यूल शोषून पाणी गारठवते. मुरगळलेल्या पायावर ठेवायच्या काही झटपट थंड पिशव्यांमध्ये हे मीठ असते. पिशवी दाबली की आतला पाण्याचा कप्पा फुटतो आणि पुढचे काम आपोआप होते.

याहून नाट्यमय प्रयोग बेरियम हायड्रॉक्साइडच्या स्फटिकांचा. स्फटिकात प्रत्येक बेरियममागे पाण्याचे आठ रेणू अडकलेले असतात. ही पूड आणि अमोनियम थायोसायनेटची पूड चंचुपात्रात एकत्र ढवळायची. दोन्ही कोरड्या पुडी. बघता बघता मिश्रण ओले होते, मग पातळ होते, अमोनियाचा वास नाकात झणझणतो आणि तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. पात्राखाली ओली लाकडी फळी ठेवलेली असेल तर मधले पाणी गोठते आणि पात्र उचलले की फळीही उचलली जाते. (बेरियमची संयुगे विषारी आहेत आणि अमोनिया छातीत जातो, तेव्हा हे शिक्षकांनीच आणि हवेशीर जागी करावे.) तापवणे दूरच, भोवतालची उष्णता ओढून घेत अभिक्रिया धावते. का? तीन मोल घन पदार्थांतून दहा मोल पाणी, दोन मोल अमोनिया आणि एक मोल बेरियमचे मीठ बाहेर येते. शिस्तीत बसलेले कण मोकळे होतात, एन्ट्रॉपी, म्हणजे कणांच्या विस्कळीतपणाचे माप, भरमसाट वाढते आणि ती एन्थाल्पीचा तोटा भरून काढते.

निर्णय गिब्ज ऊर्जा देते: एन्थाल्पीतला बदल, वजा केल्विनमधले तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल. उत्तर ऋण आले तर अभिक्रियेचा कल पुढे जाण्याकडे. बर्फावर हे करून पाहा. एक मोल बर्फ वितळायला ६.०१ किलोज्यूल लागतात आणि एन्ट्रॉपी केल्विनमागे २२ ज्यूलने वाढते. उणे १० अंशाला, म्हणजे २६३ केल्विनला, दुसरे पद ५.७९ किलोज्यूल, ते ६.०१ ला पुरत नाही, बर्फ बर्फच राहतो. अधिक १० अंशाला, २८३ केल्विनला, तेच पद ६.२३; आता ते भारी पडते आणि बर्फ वितळतो. एन्थाल्पी दोन्हीकडे जवळजवळ तीच.

आणि याच उदाहरणाचा आरसा धरा. पाणी गोठणे ही उष्मादायी क्रिया आहे, मोलमागे सहा किलोज्यूल बाहेर टाकणारी. टिपणाच्या हिशोबाने पेल्यातले पाणी आपोआप गोठायला हवे. उन्हाळ्यात केवढी सोय झाली असती!

औद्योगिक उदाहरण अमोनियाचे. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून दोन मोल अमोनिया होताना सुमारे ९२ किलोज्यूल सुटतात, पण वायूचे चार मोल घटून दोन होतात आणि एन्ट्रॉपी केल्विनमागे जवळपास २०० ज्यूलने कमी होते. त्यामुळे साध्या दाबाला दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपासच पारडे उलटू लागते. कारखान्यात चारशे-साडेचारशे अंश ठेवावे लागतात, नाहीतर वेग मिळत नाही. म्हणून हाबर आणि बॉश यांना प्रचंड दाबाशी झुंजावे लागले, आणि तयार झालेला अमोनिया सतत थंड करून काढून घ्यावा लागतो. उष्मादायी असूनही अभिक्रियेला असे ढकलत न्यावे लागते.

एक सूचना तेवढी: "काडी लावावी लागते, म्हणजे ज्वलन आधी उष्माग्राही असते" हे याच विधानाचे भावंड आहे. काडी पहिले काही बंध तोडायची ऊर्जा पुरवते. ती सक्रियण ऊर्जा, आणि तिचा डेल्टा-एचच्या चिन्हाशी संबंध नाही.

"उष्णता जास्त, म्हणून वेग जास्त"

हिऱ्याचे ग्रॅफाइट होणे ही उष्मादायी क्रिया आहे, मोलमागे १.९ किलोज्यूल, आणि साध्या परिस्थितीत तिचा गिब्ज हिशोबही ऋण आहे. हिरे मात्र जागेवर आहेत. कोणी म्हणेल १.९ म्हणजे चिल्लर. मग थर्माइट घ्या: लोहाचे ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पूड, डेल्टा-एच उणे ८५२, वितळलेले लोखंड ओघळावे एवढी धग. तेच मिश्रण डब्यात वर्षानुवर्षे मुकाट पडून राहते, मॅग्नेशियमच्या फितीने पेटवेपर्यंत. उलट अमोनियम नायट्रेट उष्णता शोषत असूनही काही सेकंदांत विरघळते. वेग ठरतो मधला चढ किती उंच आहे यावर. डेल्टा-एच सांगतो दोन टोकांच्या उंचीतला फरक. लोखंड गंजताना आणि लोखंडाची बारीक लोकर ऑक्सिजनमध्ये जळताना सुटणारी ऊर्जा साधारण सारखीच, एकाला वर्षे लागतात आणि दुसऱ्याला क्षण.

"उत्प्रेरक डेल्टा-एच कमी करतो"

हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन होताना मोलमागे सुमारे ९८ किलोज्यूल सुटतात. उत्प्रेरक नसताना सक्रियण ऊर्जा सुमारे ७५ किलोज्यूल, आयोडाइड घातले की सुमारे ५६. हा १९ किलोज्यूलचा उतार खोलीच्या तापमानाला वेग ढोबळमानाने दोन हजार पट करायला पुरतो. ९८ चे ९८ च राहतात. फेस उसळून पात्र कढत होते ते तीच उष्णता महिन्यांऐवजी मिनिटभरात सुटते आणि तिला पसार व्हायला वेळ मिळत नाही म्हणून.

उत्प्रेरकाने डेल्टा-एच खरेच बदलत असता तर काय झाले असते पाहा. एकाच तापमानाला उत्प्रेरक घालून अभिक्रिया पुढे न्यायची, त्याच्याशिवाय मागे आणायची. दर फेरीला थोडी ऊर्जा फुकटात शिल्लक. हेस यांच्या नियमाचा निकाल लागलाच, सोबत ऊर्जेच्या अक्षय्यतेचाही.

"थर्मामीटर जितका चढेल तितका डेल्टा-एच मोठा"

हे विधान निरुपद्रवी दिसते, पण प्रात्यक्षिकाच्या वहीत सर्वाधिक चुका इथेच होतात. एक मोलर (लिटरमागे एक मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर आणि एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिलिलिटर, फोमच्या पेल्यात. प्रत्येकी ०.०५ मोल. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्या उदासिनीकरणात मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल सुटतात, तेव्हा इथे २.८५ किलोज्यूल. सुमारे १०० ग्रॅम द्रावण, ग्रॅममागे अंशाला ४.१८ ज्यूल, तापमान ६.८ अंशांनी चढते.

आता दोन्ही दुप्पट घ्या, शंभर-शंभर मिलिलिटर. उष्णता दुप्पट, ५.७ किलोज्यूल. पण तापवायचे द्रावणही दुप्पट. थर्मामीटर पुन्हा ६.८ च दाखवतो. मग आकारमान तेच ठेवून दोन्ही द्रावणे दोन मोलर घ्या: १३.६ अंश. तीन प्रयोग, थर्मामीटरचे दोन वेगळे आकडे, आणि मोलमागचा डेल्टा-एच तिन्ही वेळा उणे ५७. हायड्रोक्लोरिकच्या जागी नायट्रिक आम्ल किंवा सोडियम हायड्रॉक्साइडच्या जागी पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेतले तरी आकडा जवळजवळ हलत नाही, कारण प्रत्यक्षात घडते एकच गोष्ट, हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांचे पाणी होणे. सोडियम आणि क्लोराइड नुसते प्रेक्षक. ॲसिटिक आम्ल घेतले तर आकडा थोडा कमी येतो; त्याला आधी आपला हायड्रोजन सोडावा लागतो.

चिन्हाची चूकही इथेच होते. पेला तापला म्हणजे अभिक्रियेने ऊर्जा गमावली, म्हणून डेल्टा-एच ऋण. ऋण म्हणजे थंड, असे समजून कित्येक जण अधिक चिन्ह देऊन मोकळे होतात.

आणि फोमच्या पेल्याऐवजी काचेचा बीकर वापरला तर? थर्मामीटर समजा ६.२ अंशच चढला. त्याच सूत्राने मोलमागे ५२ किलोज्यूल येतात, आणि वहीत "डेल्टा-एच उणे ५२" असे लिहिले जाते. अभिक्रियेने तेव्हाही ५७ च दिले होते. उरलेले पाच काच तापवण्यात आणि भोवतालच्या हवेत गेले, आणि हिशोबात फक्त पाणी धरले होते. बीकरचे वजन आणि काचेची विशिष्ट उष्णता, ग्रॅममागे अंशाला सुमारे ०.८ ज्यूल, गणितात धरली की त्यातला बराचसा भाग परत सापडतो.